उभ्या गाडीला ब्रेक कशाला

आमच्या ह्यांना एक वाईट खोड आहे. सांगितलेलं काम केलं का म्हणून विचारावं, तर केलेलं असो नसो, तोंडातून 'केलंय' बाहेर पडतं. गॅस बंद केला का? केलाय. दाराला कडी घातली का? घातलीय. मग मी उठायचं आणि गॅस बंद करून, कडी घालून यायचं. आजवर ह्याचा त्रास माझ्या गुडघ्यांना होत होता. त्या दिवशी तो सगळ्या गल्लीला झाला.

आमची सूनबाई घरी केक करून विकते. एका मोठ्या हॉटेलाची ऑर्डर तिला पहिल्यांदाच आली होती. तिथल्या मॅनेजरबाईंनी सांगून ठेवलं होतं, केक वेळेवर आणि धड पोचला तर पुढच्याही ऑर्डरी तुलाच. पोरगी आदल्या दिवसापासून ओट्याशी उभी. केक झाला दुमजली, पांढराशुभ्र, वर साखरेची फुलं. मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही, पण त्याच्याकडे बघत बसले आणि माझा चहा गार झाला.

मुलगा कामासाठी परगावी आणि गाडी दारात. एरवी ती सूनबाईच चालवते, पण केक मांडीवर धरायला तिला स्वतःशिवाय कुणाचा भरवसा वाटेना. म्हणून ती मागच्या सीटवर केक घेऊन बसली आणि स्टिअरिंगवर हे बसले.

ह्यांनी जन्मभर मालाचे ट्रक चालवले. ह्यांच्या गाडीचे ब्रेक कमी झिजतात म्हणून कंपनीने बोलावून सत्कार केला होता. तेव्हापासून ब्रेकला पाय लावायचा म्हणजे ह्यांना अब्रू गेल्यासारखं वाटतं. मुलाची गाडी बिनक्लचची, ऑटोमॅटिक. तिला हे 'पाळणा' म्हणत. त्या दिवशी मात्र मिशीवरून हात फिरवून रुबाबात बसले आणि मला म्हणाले, "तू मागं उभी राहा. रिव्हर्सला माणूस लागतो."

मी फाटकात, गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. गाडी सुरू झाली, पण जागची हलेना.

"गिअरचा दांडा अडकलाय," हे म्हणाले.

"बाबा, ब्रेक दाबलात ना? ब्रेक दाबल्याशिवाय तो 'पी'वरून, पार्किंगवरून, हलत नाही." सूनबाईला केकच्या वरून पुढचं काही दिसत नव्हतं.

"दाबलाय."

"अहो, मागचे लाल दिवे लागत नाहीयेत," मी मागून सांगितलं.

"तू दिवे बघू नकोस, रस्ता बघ."

म्हटलं, बघते. ह्यांनी दांड्याशी अशी झटापट मांडली की अख्खी गाडी गदगदा हलायला लागली.

"बाबा, हळू. फूल पडलं एक."

तेवढ्यात शेजारचे दंतवैद्य जेवायला घरी आले. त्यांनी खिडकीतून आत वाकून दांडा बघितला आणि सवयीने विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"आत्तापासून."

"आधी कधी असा त्रास?"

"डॉक्टर, तिला दात नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी हसून मोबाइल काढला आणि त्यात बघून एकेक उपाय वाचायला लागले. पहिला उपाय ब्रेक दाबण्याचा.

"दाबलाय," हे म्हणाले.

दुसरा असा, की गाडी उतारावर असेल तर तिचा भार आत गिअरवर येतो, तेव्हा तिला जरा पुढे-मागे झुलवावं. आमच्या दारात उतार आहेच. समोरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला, इस्त्रीवालाही आला. तिघांनी मिळून गाडी झुलवली. आतून सूनबाईचा बारीक आवाज आला, "आई, वरचा मजला सरकतोय हो."

"थांबवा ते," मी म्हटलं. "घुसळण लावलीय का?"

आता वेळही सरकत चालला होता. भाड्याची गाडी मागवावी, तर केक हलवताना मोडायची भीती. शिंपी म्हणाला बॅटरी गेली असेल. इस्त्रीवाला म्हणाला ह्या नव्या गाड्यांचं असंच असतं. हे म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, पाळणा आहे हा."

दंतवैद्य मागे येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. "काका, दाबा बरं ब्रेक."

"दाबलाय."

"दिवे खरंच लागत नाहीत," दंतवैद्य म्हणाले.

"मी मघापासून काय सांगतेय?"

त्यांना मुद्दा सापडला. ब्रेक दाबूनही दिवे लागत नाहीत, म्हणजे ब्रेकचं बटण गेलंय. बटण गेलं की दाबलेला ब्रेक गाडीला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ती दांडा सोडत नाही. त्यावरही उपाय होता. दांड्याच्या शेजारी एक बारीकशी फट असते, तिच्यात टोकदार काही घालून दाबलं की दांडा मोकळा होतो. दंतवैद्यांनी बॅगेतून दात टोकरायची सळई काढली आणि पुन्हा पुढे जाऊन खिडकीतून आत वाकले.

"काका, ब्रेक घट्ट दाबून धरा हं. उतार आहे आणि काकू मागे आहेत."

"दाबलाय."

सळई फटीत गेली, 'टक' झालं, ह्यांनी दांडा 'आर'वर ओढला आणि गाडी सरळ माझ्या अंगावर आली.

मी बाजूला उडी मारली ती कचऱ्याच्या डब्यावर बसले. पुढे ह्यांच्या पायाने एकदाचा ब्रेक हाणला. गाडी जागच्या जागी गचकली आणि माझ्या गुडघ्यांपाशी दोन लाल दिवे लख्ख पेटले.

दंतवैद्यांनी दिव्यांकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं, मग सळई पुसून बॅगेत ठेवली.

"उभ्या गाडीला ब्रेक कशाला, म्हणून..." हे पुटपुटले.

मी दार उघडून सूनबाईकडे बघितलं. गचका बसला तेव्हा केक तिच्या अंगावर आला होता आणि तिची हनुवटी वरच्या मजल्यात रुतली होती. पण हात सुटले नव्हते.

"आई, पडला नाही," ती हनुवटी न काढता म्हणाली. "हॉटेलात नीट करीन. आता चला फक्त."

गेलो. हे वाटभर ब्रेकवर पाय ठेवूनच होते म्हणा ना. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, हे मान वळवत नव्हते. हॉटेलच्या मागच्या खोलीत सूनबाईने खड्डा भरून काढला आणि उरलेली फुलं अशी लावली की मलाही जागा सापडेना. मॅनेजरबाईंनी केकभोवती एक फेरी मारली आणि तिथेच पुढच्या शनिवारची ऑर्डर दिली.

सूनबाई येऊन गाडीत बसली. रडावं की हसावं ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. हे एकदम खुशीत आले. "बघ, झालं की नाही काम? शनिवारीही मीच येतो. फक्त तेवढं ब्रेकचं बटण दाखवून घ्या कुणाला तरी."

तेव्हा मी त्यांना सांगितलं, "बटणाला धाड भरलेली नाही. तुम्हाला गाडी येत नाही, ते मला चालेल; मलाही येत नाही. पण मी मागे उभी असताना तुम्ही 'दाबलाय' म्हणालात, आणि मी खरं मानलं. शनिवारी गाडी सूनबाई चालवेल, केक मी धरीन, आणि मागे तुम्ही उभे राहायचं. ब्रेक दाबलाय का, ते तिला विचारायचं नाही. दिव्यांकडे बघायचं आणि देवाचं नाव घ्यायचं."