हसुतात्यांच्या गाद्या

आमचे घरमालक हसुरामतात्या कुठल्याही लॉजमध्ये गेले की आधी चपला काढून पलंगावर आडवे होतात. भाडं नंतर विचारतात. हे मी हसत हसत अनेकांना सांगितलं आहे. पुढचं मात्र बरीच वर्षं टाळलं. आता वय झालं, म्हणून सांगून टाकतो.

तात्या नवी मुंबईतल्या बोनकोडे गावचे. शेती गेली, घराच्या जागी इमारत उभी राहिली. तळमजल्यावर तात्या एकटे, दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. त्यांची मुलं खारघरला. पूर्वी गावात कुणाचंही लग्न असो, वऱ्हाड उतरायचं ते तात्यांच्याच घरी. आता वऱ्हाड हॉटेलात उतरतं, पण तात्यांची सवय सुटलेली नाही. लग्न ठरल्याचं सांगितलं, की नवरा-नवरीचं नावही न विचारता ते म्हणतात, "पावने झोपनार कुटं?"

माझ्या मुलीचं, मुग्धाचं, लग्न श्रीवर्धनकडच्या एका रिसॉर्टवर ठरलं. माझा मुलगा त्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणत होता.

"म्हंजे लगीन आपलं, गाव दुसऱ्याचं," तात्या म्हणाले आणि कामाला लागले. पाहुण्यांच्या ग्रुपवर त्यांच्या आवाजातले सल्ले येऊ लागले.

"मानगावच्या फुडं पोटात काय टाकू नका. वलनं हायेत. टाकलंत तर मागं बसनाऱ्याचं नशीब."

"खोली घेताना समुद्र बगू नका, जनरेटर बगा. समुद्र रातचा दिसत नाय, जनरेटर आयकू येतो."

"म्हाताऱ्यांना तलमजला. लग्नात पयले गुडगे जातात, मंग पैसे."

जळगावची माझी बहीण हे सल्ले पुन्हा पुन्हा लावून ऐकायची. मुलगा मात्र वैतागला. "बाबा, आवरा त्यांना. मुग्धाच्या सासरचेही आहेत ग्रुपवर."

तात्यांचा मुख्य मुद्दा वेगळाच होता. "जावाची सोय समदे करतात. परत येवाची कोन करतो? थकलेला पावना म्हंजे तान्हं पोर." परतीच्या दिवशी जळगाव-सांगलीच्या मंडळींनी तात्यांच्या हॉलमध्ये उतरायचं आणि सकाळी आपापल्या गाड्या पकडायच्या, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

"बघू, तात्या."

"बगू नाय. हो म्हना."

मी हो म्हटलं. "पण तुम्ही लग्नाला येताय ना?"

"मी आलो तं गाद्या कोन घालील?"

मुलाने वाशीत हॉटेल घेतलेलं होतं. हो म्हणताना मला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आपले पाहुणे घरमालकाच्या हॉलमध्ये ओळीने झोपणार, याचा मला कमीपणा वाटत होता. परतीच्या वाटेवर तात्यांचा फोन आला. मी उचलला नाही. पाहुण्यांसोबत आम्हीही हॉटेलातच राहिलो.

सकाळी घरी आलो, तर तात्यांचं दार सताड उघडं. हॉलभर गाद्या, धुतलेल्या चादरी, प्रत्येक उशीशी तांब्या-भांडं. बहिणीची गादी भिंतीलगत, उठताना आधार मिळावा म्हणून. तात्या एकटेच चादरींच्या घड्या करत होते.

"गाडीला उशीर झाला असंल ना, भाऊ? मना वाटलाच. वलनांचा रस्ता."

"हो," मी म्हणालो. "फार उशीर झाला."

मुग्धाची मुलगी आता शाळेत जाते. तात्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. पण दर दिवाळीत ते गाद्या गच्चीवर उन्हात घालतात, आणि त्या वर जाताना मी खिडकीतून पाहतो.

गेल्या महिन्यात एक वाक्य पाठ करून खाली गेलो. 'तात्या, त्या दिवशी उशीर झाला नव्हता.' एवढंच. तात्या नव्याने भरून आणलेल्या गादीवर हात फिरवत होते.

"बरं झालं आलात, भाऊ. जरा आडवे व्हा. सांगा कशी झालीय."

"तात्या, आधी मला बोलायचंय."

"बोला ना. पन आडवं होऊन. उभ्यानं गादी समजत नाय."

मी आडवा झालो. छताकडे बघत वाक्य जुळवलं. पंखा बरा चालला होता.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर चादर होती, उशाशी तांब्या. तात्या दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'हलू बोला' म्हणत होते. मी हललो तसे वळले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"लागली ना झोप?"

मी उठून बसलो. भांडंभर पाणी प्यायलो.

"गादी उत्तम झालीय, तात्या," म्हणालो, आणि ते वाक्य तसंच घेऊन दोन जिने चढलो.