दाराआडचा कोट

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, शब्बाथचे (ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे लावण्याआधी, त्सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डब्यात नाणं टाकायचं काम बायकोचं होतं. ती गेल्यापासून, म्हणजे गेले चौदा महिने, ते शिंपीबुवांकडे आलं होतं. बुवा नाणं जरा उंचावरून सोडत. डबा पत्र्याचा, त्यामुळे आवाज चांगला येई.

"बाबा, हा आवाज कुणाला ऐकवायचा असतो?" आठ वर्षांच्या लेकीने विचारलं.

शिंपीबुवा इथेच गप्प बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण आईविना पोर, चार गोष्टी आपणच शिकवायला हव्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी गळ्यातली टेप काढली (गंभीर बोलायचं असलं की काढत) आणि समजावलं, की त्सेदाका म्हणजे दया नव्हे, न्याय. आपल्याकडे नुसतं पडून असतं, ते ज्याला हवं त्याचंच असतं. आणि देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ते देणं सगळ्यांत उत्तम. देऊन झाल्यावर सांगायचं नाही, दुसऱ्याने विचारायचं नाही.

लेकीने ऐकून घेतलं आणि दाराआडच्या खुंटीकडे बघत राहिली. पोरगी विचार करते आहे, या समाधानात बुवा झोपले.

मंगळवारी ते दुकानातून आले, तर खुंटी रिकामी.

तिथे बायकोचा निळा लोकरी कोट असायचा. मधलं बटण तुटलेला. "आज लावतो," असं बुवा दोन वर्षं म्हणत होते. त्यातले शेवटचे चौदा महिने नुसतं कोटाला. (साऱ्या गल्लीची बटणं याच हातांनी लावलेली.) घरी आल्यावर त्या बाहीला हात लावायचा आणि मग चहा ठेवायचा, हा त्यांचा नेम.

"इथे कोट होता," ते म्हणाले.

"विचारायचं नाही ना, बाबा?" लेक वहीतून मान वर न करता म्हणाली.

आपलेच शब्द. रागवायची सोय नव्हती. दिलेले कपडे सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत जमा होत आणि गरजूंच्या दारात गुपचूप पोचवले जात. बुवा दुसऱ्या दिवशी तिथे गेले. कपड्यांच्या घड्या घालणारी बाई नवीन होती. तिने विचारलं, "द्यायचंय की हवंय?" दिलेलं परत हवंय, हे तोंडातून निघेना. त्यांनी गळ्यातला मफलर काढून ठेवला. गुरुवारी पुन्हा गेले, हातमोजे देऊन आले. शुक्रवारी सकाळी छत्री गेली. कोट काही दिसला नाही.

दुपारी भिजत घरी आले, तर दारात पुडकं. आत निळा कोट. मधलं बटण लावलेलं, रंगाला जरा वेगळं, पण घट्ट. सोबत चिठ्ठी.

बुवा कोट मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसले.

"मीच आपल्या दाराचा नंबर देऊन आले होते," लेक हळूच म्हणाली. "नाव सांगावं लागत नाही. पण हाच येईल असं वाटलं नव्हतं."

"आपला नंबर? का गं?"

तिने हात पुढे केले. तिच्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर गेल्या होत्या.

"मला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आज बघतो."

बुवांनी टेप काढली. खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, दोनदा घेतलं. मग निळ्या बाहीवर खडूची रेघ ओढली. "रविवारी कापतो," ते म्हणाले. त्या संध्याकाळी नाणं त्यांनी डब्यात अलगद सोडलं.

दिवे लागल्यावर लेकीने ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. "कोट मोठा वाटल्यास एखाद्या चांगल्या शिंप्याकडून लहान करून घ्यावा."

तिने चिठ्ठीची नीट घडी केली.

"चांगला म्हटलंय, बाबा. तुझ्या ओळखीत आहे का कुणी?"