देवजी तांबटाच्या औषधखर्चाची वजावट

श्री. देह ज्याने दिला आणि देहास दुखणेही ज्याने दिले, त्यास नमन करून लिहितो. शके पंधराशे नव्वद, कीलक नाम संवत्सर. ते समयी राज्यात उत्पन्नपट्टी होती, रयतेने वर्षाचे उत्पन्न पत्रकावर लिहून द्यावे आणि त्याप्रमाणे पट्टी भरावी, ऐसा शिरस्ता. त्या साली थोरल्या राणीसाहेब पाच महिने अंथरुणास खिळल्या, आणि औषधास काय लागते ते महाराजांस तेव्हा कळले, मग महाराज बहुत कष्टी होऊन आज्ञा करिते जाहले की, जो कोणी आपल्या अथवा पोसल्या माणसाच्या दुखण्यास खर्च करील, त्याचा तो खर्च उत्पन्नातून वजा धरावा. आज्ञा चांगली होती. खाली दप्तरदारांनी एक कलम जोडिले, की जो हाताने काही कमावतो त्यास पोसला माणूस म्हणू नये, आणि रोगी कचेरीत समक्ष दाखवावा.

कसब्यात चांगोजी तांबट म्हणून भला कारागीर होता, आणि त्याचा धाकटा भाऊ देवजी, घागरीवर वेल कोरावा तर त्यानेच. दोन वर्षांमागे देवजीस ज्वर आला आणि उतरताना उजवे अंग घेऊन गेला. मग चांगोजीने वैद्य आणिले, तेले आणिली, रोज सकाळी स्वतः भावाचा हात मांडीवर घेऊन चोळीत बसे, आणि चांगोजीची बायको सगुणाबाई दिरास घास भरवी. ऐसे करिता दुसऱ्या वर्षी देवजीची बोटे हलू लागली, आणि मग एके दिवशी डाव्या हाताने हातोडी धरून, उजव्याने नुसता आधार देऊन, त्याने एक पळी घडविली. पळी वाकडी होती. शेजारणीने ती विकत नेली, आणि देवजी दिवसभर हसत होता. त्याउपरी तो नित्य भट्टीपाशी येऊन बसू लागला.

वैद्य म्हणाले, आणखी एक वर्ष तेल चालवा, हात पुरता येईल. चांगोजीपाशी तितके उरले नव्हते, आणि वजावट मिळाली तर तेलाचे भागत होते. सगुणाबाई म्हणाली, "भावोजींना कचेरीत नका नेऊ. यंदा पट्टी भरून टाका, माझे डोरले मोडा." चांगोजी म्हणाला, "त्याच्याच औषधासाठी चाललो आहे ना मी?" आणि भावास घेऊन आला. देवजी धुतले पागोटे बांधून आला होता आणि कमरेस नवी घडविलेली पळी खोविली होती, पट्टी ठरविणाऱ्या कमाविसदारांस दाखवावी म्हणून.

हे लिहिणार त्या दिवशी कचेरीत कारकून होता, पत्रक आमचेच पुढे होते. कमाविसदारांनी पुशिले, "हा काही काम करतो?" चांगोजीने भावाकडे पाहिले नाही. म्हणाला, "नाही, सरकार. ह्याच्याने काही होत नाही." इतके पुरे होते. परंतु कमाविसदार लेखणी हाती घेऊन थांबले, तेव्हा चांगोजीस भय वाटले आणि तो आपण होऊनच बोलिला, "आणि पुढेही होणार नाही." आम्ही ते लिहिले. वजावट मंजूर जाहली. देवजीने कमरेची पळी अंगरख्याखाली सारिली, ते आम्ही पाहिले, आणि पुढचे पत्रक घेतले.

दुसरे दिवशी देवजी भट्टीपाशी आला नाही. चांगोजीस वाटले, चालून थकला असेल. मग आठ दिवस गेले, मग महिना गेला, आणि तेल आले ते तो चोळू देईना. चांगोजी म्हणे, "देवा, भट्टी पेटली आहे." तो म्हणे, "असू दे, दादा."

मग चांगोजी एकटा कचेरीत आला आणि हात जोडून म्हणाला, "माझी सगळी पट्टी घ्या, पण ती ओळ खोडा." आम्ही म्हटले, "दप्तरातली ओळ खोडता येत नाही. खाली दुसरी लिहिता येईल." तो म्हणाला, "मग लिहा, देवजी तांबट काम करतो." आम्ही पुशिले, "करतो ना?" नियमाप्रमाणे पुसणे प्राप्त होते. तो म्हणाला, "करीत होता." आणि काही न लिहविता निघून गेला.

पुढचे सगुणाबाईने आमचे घरी सांगितले. चांगोजी घरी जाऊन भावाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "देवा, मी सरकारात खोटे बोललो रे. तेलासाठी बोललो." देवजीने भावाच्या खांद्यावर डावा हात ठेविला, रागावला नाही. म्हणाला, "मला ते खरेच वाटले, दादा."

तात्पर्य, देवजी त्यानंतर अकरा वर्षे जगला, भाऊभावजयीने त्यास काही उणे पडू दिले नाही, आणि त्याने पुन्हा काही घडविले नाही. चांगोजीने पुढे कधी वजावट मागितली नाही. महाराजांची आज्ञा अद्याप चालू आहे, तिने पुष्कळांचे भले जाहले, आणि ते कलमही चालू आहे. ओळ आमच्या हातची आहे. इति.