दरीत फोडलेली सुपारी

निजामाचं फसली साल तेराशे चौतीस, म्हणजे इंग्रजी चोवीस-पंचवीसचा हिवाळा. जालन्याच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात उंदीर पडायला लागले आणि आठ दिवसांत पाच तिरड्या उठल्या. प्लेगाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. घराला कुलूप घालायचं आणि रानात झोपडी बांधायची. रामरावांनी तर थेट डोंगरातली दरी गाठली.

"साहेबलोक हवा खायला डोंगरात जातात, केवढा खर्चा करतात!" ते बायकोला म्हणाले. "आपल्याला बिलकुल फुकट!"

गोजरबाई दगडांची चूल मांडत राहिल्या. त्यांच्या जिवाला एकच घोर होता, उमा. पोरीला सोळावं सरत आलेलं. बदनापूरच्या बद्रीनाथांच्या मुलाशी जमत आलेलं लग्न उंदरांनी अडवलं. सकाळी बोललेला माणूस संध्याकाळी नसायचा असे ते दिवस. आपण जायच्या आत पोरगी मार्गी लागावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेवढ्यात बद्रीनाथांचा निरोप आला. "गावात पाय ठेवणार न्हाई. दरीत येतो, पोरगी बघतो, मंग ठरवतो."

"येऊ द्या!" रामराव गरजले. "आधी डोंगर चढवतो, मंग डोहात पोहायला लावतो, वरून रोडगे अन् वांग्याचं भरीत! भरल्या पोटी कोण नकार देतंय?"

पाहुणे आले. बैलगाडी दरीच्या तोंडाशी सोडून बद्रीनाथ आणि त्यांचा भाऊ मच्छिंद्र चालत आत शिरले. डोंगर चढून बद्रीनाथांचा पार लोहाराचा भाता झाला! उमेला त्यांनी बाजारातल्या कालवडीसारखं न्याहाळलं आणि सांगून टाकलं, "पोरगी बराबर हाय. पण गाव रोगाचं. पुढच्या साली बघू."

पुढच्या साली! कोण असणार होतं पुढच्या साली?

पाहुणे पोहायला गेले. रामरावांनी वारा लागू नये म्हणून कड्याला लागून गोवऱ्या पेटवल्या.

"अहो, वर आग्या मोहोळ हाय!" गोजरबाई ओरडल्या.

"राहू दे ना! त्याला कुठं पंगतीला बसवून राह्यलो?"

धूर वर गेला. थोड्याच वेळात कडाच सुटून खाली यावा तशा माशा आल्या! गोजरबाईंनी उमेला गोधडीखाली दडपलं. मच्छिंद्र डोहातून पळत येऊन झोपडीत शिरला. रामरावांनी पिठाच्या पोत्यात डोकं खुपसलं. बद्रीनाथ डोहात नाकापर्यंत बुडाले, एक हात तेवढा वर खडकाला धरलेला.

तासाभराने माशा परतल्या. रामरावांचं तोंड पीठ लावलेल्या भोपळ्यासारखं झालं होतं. गारठ्याने बधिर झालेले बद्रीनाथ कुडकुडत, पण ऐटीत बाहेर आले.

"मला एकबी शिवली न्हाई! अक्कल लागती!"

सदरा चढवता चढवता त्यांचा हात थबकला.

"मच्छिंद्रा... काखेत गाठ हाय रे."

कुणी हसलं नाही. त्या शब्दानंतर माणूस तीन दिवस टिकायचा. मच्छिंद्र दोन पावलं मागे सरला, मग दहा, मग गाडीतच दिसला! "दादा, जल्दी वैद्य आणतो!" बैल असे उधळले की वैद्य बहुतेक हैदराबादला राहत असावा.

बद्रीनाथ सदरा टाकून खाली बसले. "पोराला माय न्हाई. आता बापबी चालला. त्याला भाकर कोण घालील?"

रामराव लांबच उभे राहिले. गोजरबाई मात्र ओलं फडकं घेऊन जवळ गेल्या. त्यांनी हात वर उचलून पाहिलं. लाल टेंगूळ आलं होतं आणि मधोमध काळीभोर नांगी रुतलेली! शब्द ओठांवर आला. त्यांनी उमेकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

"पोराचा घोर हाय ना, दादा? मंग सुपारी फोडून घ्या. तुमच्या हातानं."

"आत्ता?"

"मंग कधी?"

दगडावर सुपारी फुटली. उमा पाया पडली. मग गोजरबाईंनी नखाने नांगी उपसून बद्रीनाथांच्या तळहातावर ठेवली.

"ही बघा तुमची गाठ. उठा इवाईबुवा, रोडगे करपून राह्यले!"

फोडलेली सुपारी परत घेता येत नाही. लग्न झालं. मच्छिंद्र वैद्याकडे पोचला खरा, पण प्लेग तिथे त्याच्या आधीच पोचला होता. नवव्या दिवशी तो गेला, आणि त्याची गाठ खरी होती. रामरावांना पुढच्या हिवाळ्यात तापाने नेलं. बद्रीनाथ मात्र बावीस वर्षं जगले आणि सुनेच्या प्रत्येक भाकरीला नावं ठेवत गेले. उमेचा नवरा शिंदीच्या दुकानात पीत बसला, तो घराकडे फारसा फिरकलाच नाही.

सत्तेचाळीस साली गोजरबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी पाय चेपणाऱ्या लेकीला नांगीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. उमेचे हात थांबले.

"नांगी सुपारीच्या आधीच काढायची व्हती ना गं माय," ती म्हणाली, आणि पुन्हा पाय चेपू लागली.