बिननाकाचा पंच

तुलारामचे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीची कोवळी रोपं, जागेश्वरने चोरले होते, आणि ही गोष्ट गावात फक्त जागेश्वरलाच माहीत होती. चोरायचा त्याचा इरादा मुळीच नव्हता. पण चोरी इराद्याने झाली की चुकीने, हे सांगायला चोराला आधी तोंड उघडावं लागतं, आणि ती वेळ त्याच्या हातून निघून गेली होती.

झालं ते असं. जागेश्वर आणि तुलाराम दोघेही करडीकडच्या एका गावातले, दोघेही वरठीच्या कारखान्यात कामाला, एकाच मोटारसायकलवर जाणारे-येणारे. गावाबाहेर रस्त्याकडेला दोघांनी रोपांसाठी पऱ्हे टाकलेले, तेही शेजारी शेजारी. पाखरं बसू नयेत म्हणून जागेश्वरने कारखान्यातला आपला जुना निळा शर्ट काठीला अडकवून बुजगावणं उभं केलं होतं. रोवणीच्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याने बाहेरगावच्या बायांना फोनवर सांगितलं, "निळ्या शर्टाजवळचे पऱ्हे खोदा अन् तलावापलीकडं माह्या बांधीत रोवा." तुलारामनेही आपला निळा शर्ट तसाच काठीला अडकवला आहे, हे रोज पाहूनही त्याच्या ध्यानात आलं नाही. बायांना पहिला जो शर्ट दिसला त्याच्याखालचे पऱ्हे त्यांनी उपटले. जागेश्वरची बायको निर्मलाबाई तलावापलीकडे बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, चिखलात उभी होती. पऱ्हे आले, तिने ते रोवून घेतले.

संध्याकाळी जागेश्वर येऊन पाहतो, तर आपले पऱ्हे जागच्या जागी हिरवेगार आणि तुलारामची जागा साफ. त्यातून तुलारामचा धान साधासुधा नव्हता, चिन्नोर होता, आणि त्या साली गावात तो एकट्या त्याचाच. भात शिजला की चार घरांपलीकडे बातमी जाते, तो. घाबरलेल्या माणसाचे हात डोक्याला विचारत नाहीत. आपले पऱ्हे जागेवर दिसले तर चोरी उघडी पडेल, म्हणून त्याने अंधार पडायच्या आत ते उपटले, मावले तेवढे म्हशीपुढे टाकले आणि उरलेले तलावात बुडवले. मग "उद्या सकाळी तुलारामले सारं सांगतो," असं स्वतःला बजावून तो झोपला.

सकाळी तुलाराम ग्रामपंचायतीसमोर उभा राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्या शिव्या ऐकल्यावर 'तो मीच' म्हणायला वाघाचं काळीज हवं, आणि जागेश्वरचं काळीज सशाचं. उलट सगळे आपल्याकडेच पाहताहेत असं वाटून त्याच्या तोंडून निघून गेलं, "असल्या चोराले सोडाचं नाही गा, तुलाराम." आणि भरीला त्याने आपल्याकडच्याही दोन-तीन शिव्या घातल्या.

त्याला भीती दंडाची नव्हती, नावाची होती. या गावात नाव एकदा चिकटलं की निघत नाही. एकाच्या आजोबांनी कधीकाळी दुसऱ्याच्या वेलीवरचा कोहळा आपला समजून तोडला होता. नातू आज भंडाऱ्याला बँकेत साहेब आहे, पण गावात तो 'कोहळेचोराचा'च. जागेश्वरची गुंजन बारावीला होती. उद्या तिला कोणी 'पऱ्हेचोराची पोरगी' म्हटलं तर, या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरेना.

तक्रार तंटामुक्त समितीकडे गेली. तिच्या अध्यक्षाची मुदत संपलेली, म्हणून निवाडा नव्या अध्यक्षावर सोडला गेला. ग्रामसभेत निवडणूक होती. एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक आनंदराव गुरुजी, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरवाला घनश्याम. गावची रीत अशी, की पंच अध्यक्षाने नेमायचे आणि निवाडा पंचांनी द्यायचा. त्यामुळे अध्यक्ष कसा आहे याची चौकशी कोणीच करत नव्हतं. घनश्याम एका बकरीवाल्याला पंच नेमणार अशी बातमी फुटली आणि गावातले झाडून सारे बकरीवाले घनश्यामचे झाले; ज्यांच्या परसात भाजीपाला होता ते त्याच रात्री गुरुजींकडे गेले. गुरुजी पदव्युत्तर शिकलेले होते आणि घनश्याम सातवी नापास, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

जागेश्वर सुरुवातीला गुरुजींकडे झुकला होता. गुरुजी मवाळ, रागावले तरी हळू रागावणारे. पण पानठेल्यावर तुलारामने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"गुरुजीले मत दे. ते धुरपताबाईले पंच करून राहिले."

"धुरपताबाई काहून?"

"तिचं नाक. ती म्हनते, आता कायले शोधता? धान निसवू द्या. चिन्नोर लपते काय? बांधी-बांधीनं फिरते अन् वासानं चोर काढून देते."

जागेश्वरच्या हातातला सुपारी-तंबाखूचा खर्रा खाली पडला. धुरपताबाईचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. कोणाच्या घरी आज कशाची भाजी आहे हे ती आपल्या अंगणात बसून सांगे, आणि दूध नासणार हे दुधाच्या आधी तिला कळे. लोंब्या बाहेर पडल्या की तलावापलीकडचा वारा आपलं नाव घेऊन गावात शिरणार, हे जागेश्वरला लख्ख दिसलं. त्या दिवसापासून तो बांधीवर जाऊन हवा हुंगू लागला. धान अजून वीतभरच होता, तरी त्याला वास येई.

तो घनश्यामकडे गेला.

"तू कोनाले पंच नेमशीन गा?"

"बकरीवाल्याची निस्ती अफवा हाय. प्रितमले नेमतो. माहा भाचा हाय, शिकलेला हाय."

प्रितमचं वरठीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. कोरोनातून तो उठला, पण त्याचं नाक काही उठलं नाही. शेजारी दूध उतू जाऊन भांडं काळं पडलं तरी हा आपला स्क्रू शोधत बसलेला. "भात खातो तं वाटते पुठ्ठा चावून राहिलो," असं तो म्हणे, आणि ते म्हणताना हसत नसे. जागेश्वरला पूर्वी त्याची कीव येई. आता त्याला वाटलं, इतका निःपक्षपाती पंच साऱ्या जिल्ह्यात सापडायचा नाही.

"माहं मत तुले," तो म्हणाला.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. चिठ्ठ्या वगैरे भानगड नव्हती. गुरुजीवाल्यांनी कडुलिंबाखाली उभं राहायचं आणि घनश्यामवाल्यांनी झेंड्याच्या खांबाजवळ. तुलारामने जागेश्वरचा हात धरून त्याला कडुलिंबाखाली नेलं. समोर धुरपताबाई उभी होती. तिने जागेश्वरकडे पाहून नाक जरा वर केलं. तिला शिंक येत असावी, पण जागेश्वरने तुलारामच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"तुलाराम, पोट दुखून राहिलं," म्हणून तो शाळेमागे पळाला. परत आला तेव्हा मोजणी संपत आली होती आणि दोन्हीकडे माणसं सारखीच भरली होती. सारं गाव त्याच्याकडे पाहू लागलं. जागेश्वर मान खाली घालून, कोणाकडेही न बघता, झेंड्याच्या खांबाला जाऊन चिकटला. घनश्याम एका मताने निवडून आला.

परतीच्या वाटेवर तुलारामने त्याला गाठलं. म्हणाला, "तू तिकडं काहून गेला बे?"

"प्रितम शिकलेला हाय," जागेश्वरने सुचेल ते सांगितलं. "तो तुह्या चोराले बराबर पकडते, पाहजो."

भाद्रपद गेला आणि धान निसवला. धुरपताबाई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली. जागेश्वरने त्या बाळाला न पाहताच शंभर वर्षांचं आयुष्य चिंतलं. पण चिन्नोर तो चिन्नोर. तलावाच्या पाळीवरून उतरलं की वास सामोरा येई. जागेश्वरने बांधीच्या तोंडाशी शेणखताचा ढीग घातला. तेवढ्याने भागेना, म्हणून आठवडी बाजारातून सुके बोंबील आणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काठ्यांना माळांसारखे टांगले.

"अजी, हे काय करून राहिले तुमी?" निर्मलाबाईने विचारलं.

"रानडुकरं येत नाही यानं."

"रानडुकरंच काय, मीबी येत नाही आता."

अखेर पंच पाहणीला निघाले. फिर्यादीने बांधीत पाय ठेवायचा नाही, ही सूचना जागेश्वरचीच होती आणि ती सर्वांना न्यायाची वाटली. तुलारामला तलावाच्या पाळीवर बसवलं. घनश्यामच्या तोंडात सदा खर्रा, त्याला खर्ऱ्याशिवाय कशाचा वास माहीत नव्हता. उरला प्रितम. दिवसभर त्याने साऱ्या गावच्या बांध्या पाहिल्या आणि 'ठीक हाय' म्हणून पुढे सरकला. शेवटी ते जागेश्वरच्या धुऱ्यावर आले. जागेश्वर बोंबलांच्या माळा सारख्या करत उभा राहिला.

"ठीक हाय," प्रितम म्हणाला आणि वळला. चार पावलं गेल्यावर प्रितम थांबला.

"जागेश्वर भाऊ, इथं बोंबील हाय काय?"

"दिसून राहिले ना, काठीवर."

"नाही. मले वास येऊन राहिला."

तो मागे आला. बोंबलाच्या माळेजवळ त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला, मग शेणखताच्या ढिगापाशी वाकून पुन्हा घेतला. त्याचा चेहरा बदलत चालला होता. घनश्यामला वाटलं, भाच्याला चक्कर येते आहे. तो दंड धरायला गेला, तर प्रितमने त्याला बाजूला सारलं आणि चपलांसकट बांधीत शिरला. लोंब्या ओंजळीत घेऊन त्याने तोंड त्यांच्यात खुपसलं, आणि तो जवान माणूस ढसाढसा रडू लागला.

"माह्या मायच्या हातचा भात," तो म्हणाला. "मामा, हा चिन्नोर हाय. मले आला. मले वास आला." आणि पाळीकडे तोंड करून त्याने हाक मारली, "तुलाराम काका, या, तुमचा चिन्नोर सापडला."

तुलाराम धावत आला आणि धुऱ्यावर उभा राहिला. जागेश्वरला पळायचं होतं, पण प्रितमने त्याला घट्ट मिठी मारली होती. त्या मिठीतच जागेश्वरने सारं सांगून टाकलं. दोन निळे शर्ट, म्हैस, तलाव, सारं.

तुलारामने त्या बोंबलांकडे एकदा पाहिलं.

"तू माह्यासंगं उभा राहून चोराले शिव्या देऊन राहिला होता ना बे?"

"हो."

"लय मोठ्या होत्या त्या."

"माह्या मलेच लागल्या, तुलाराम. तुह्याबी लागल्या."

तुलारामने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून निघालंच. पंचाने तिथंच निवाडा दिला. रोपं एकाची, जमीन दुसऱ्याची, तेव्हा धान अर्धा-अर्धा. आणि कापणी होईपर्यंत पंचाला रोज संध्याकाळी धुऱ्यावर बसू द्यायचं.

प्रितमने ही गोष्ट दुकानात मोबाईल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. मग वरठीहून माणसं येऊ लागली. कोणाचा वास कोरोनात गेलेला, कोणाचा सर्दीत. ती आधी बोंबलापाशी उभी राहत, मग चिन्नोरपाशी. एखाद्याला खरंच काही आलं, बाकीच्यांना आल्यासारखं वाटलं. गावात नाव पडलं, आणि ते चिकटलं. गुंजन एकदा कॉलेजातून येऊन म्हणाली, "पप्पा, मले पोरी डॉक्टरची पोरगी म्हनून राहिल्या." जागेश्वर त्या रात्री पोटभर जेवला.

पुढच्याच आठवड्यात तंटामुक्त समितीपुढे तुलारामची नवी तक्रार आली.

"चिन्नोर माहा," तो पंचासमोर तावातावाने म्हणाला, "पऱ्हे माहे, वास माहा. अन् डॉक्टर हा? मलेबी डॉक्टर म्हना."

प्रितमने जागेश्वरकडे पाहिलं. रोवणीपासून ज्याचा आवाज घशातच अडकत होता, तो जागेश्वर उभा राहिला, गळा साफ केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला.

"चिन्नोर तुहा, कबूल. पन बोंबील माहे होते."