धनेशाचे प्रमाणपत्र

एका जंगलात, शके एकोणीसशे एकेचाळीसच्या चैत्रात, वसंत ऋतूत, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत होते. साल मुद्दाम सांगितले. नाहीतर तुम्ही म्हणाल, हे फार जुन्या काळी झाले असेल. नाही. अलीकडेच झाले. नीट बसा आणि ऐका. मध्ये प्रश्न विचारू नका.

धनेशाची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. अंडे घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग आत तिची पिसे झडतात. तिला उडता येत नाही. पिल्लू मोठे होईपर्यंत नर फळे आणतो आणि फटीतून देतो. नराने आणले नाही, तर आत आई आणि पिल्लू दोघेही मरतात.

इतके साधे काम आहे. त्याला पुस्तक लागत नाही.

आपल्या गोष्टीतला धनेश मोठा देखणा होता. चोच पिवळी, वर शिंगासारखा टोप. पंखांचा आवाज असा, की खाली चरणारी हरणे मान वर करून बघत. सगळे त्याला धनेशराव म्हणत. रावांना खोड एकच होती. ते कामाला नाही म्हणत नसत. उद्या म्हणत.

"अहो, पिल्लू आलं अंड्यातून बाहेर," धनेशिणीने फटीतून सांगितले. "उंबरं आणा."

"वा! छान झालं! आणतो. उद्या पहाटेच निघतो."

"आज काय झालंय?"

"आज वारं आहे."

दुसऱ्या दिवशी वारे नव्हते. ऊन होते.

"अहो, चैत्रात ऊन नाही पडणार तर काय दहिवर पडेल?"

"तुला आत बसून बोलायला काय जातं?" धनेशराव म्हणाले आणि पंख साफ करत बसले.

उंबराचे झाड लांब नव्हते. ओढ्यापलीकडे होते. फळांनी लगडलेले होते. ढोलीच्या फटीतूनसुद्धा दिसत होते. भुकेल्या माणसाला ते किती जवळ दिसते, हे ज्याने उपास काढलाय त्यालाच विचारा.

शेजारच्या झाडावर शेकरूबाई राहत होती. शेकरू म्हणजे मोठी तांबडी खार, झुपकेदार शेपटीची. तिचेही पिल्लू लहान होते. ढोलीतले रडणे तिने थोडा वेळ ऐकले. मग तोंडात उंबर धरून ती फटीशी आली.

"घ्या बाई."

"उसनं घेते," धनेशीण म्हणाली. "फुकट नको."

"उसनंच देतेय. फुकट वाटायला मी काय देवळात बसलेय?"

तेव्हापासून शेकरूबाई रोज येऊ लागली. स्वतःचे पिल्लू सांभाळायचे, मग शेजारणीचे. एकदा वरच्या फांदीवर धनेशराव बसलेले तिला दिसले.

"भावजी, तुमची बायको उपाशी आहे."

"ठाऊक आहे, ताई. मला माझा दोष कळलाय. मी कामं टाळतो."

"कळलंय ना? मग उडा."

"तसं नसतं ते. आधी सवय लागावी लागते."

"कसली?"

"उडण्याची."

"तुम्ही पक्षी आहात, भावजी," शेकरूबाई म्हणाली आणि निघून गेली.

त्याच सुमारास ओढ्याकाठच्या आंब्यावर पावशाचे शिबिर लागले. पावशा तुम्ही ऐकला असेल. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे दिवसभर ओरडतो, तोच. त्याने स्वतः आजवर एक दाणा पेरलेला नाही. घरटेही तो बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे टाकून येते. सातभाई बिचारे पावशाचे पोर आपले समजून पोसतात. म्हणजे कामाच्या चांगल्या सवयींवर बोलायला पावशाइतका योग्य कोणी नव्हता. त्याला वेळच वेळ होता.

शिबिराचे नाव होते 'आत्ता, या क्षणी'. ते पौर्णिमा झाल्यावर सुरू होणार होते.

धनेशरावांनी नाव नोंदवले. कधी नव्हे ते काम त्यांनी त्याच दिवशी केले.

शिबिराला गर्दी झाली. रानमांजर आले. घोरपड आली. घोरपडीला भिंतीवर चढायचे होते, गेल्या पावसाळ्यापासून. सगळे फांद्यांवर आणि मुळांवर ऐसपैस बसले.

"मित्रांनो," पावशा म्हणाला, "तुम्ही आळशी नाही. तुम्ही अडकलेले आहात."

सगळ्यांना फार बरे वाटले. कोणी तरी डोळे पुसले.

"काम का टाळता, त्याचं मूळ शोधा. बालपणात जा."

धनेशराव बालपणात गेले. तिथे त्यांना बाप दिसला. बाप भराभरा उंबरे आणून ढोलीत टाकत होता. इतक्या घाईने, की पोराशी दोन शब्द बोलत नव्हता. धनेशरावांच्या लक्षात आले की उंबर पाहिले की आपल्या मनाला जखम होते. ते उठून हे सगळ्यांना सांगते झाले. टाळ्या पडल्या.

त्या दिवशी उंबर पाहायला नको म्हणून ते ओढ्याकडे पाठ करून बसले.

मग पहाटे उठण्याचा धडा झाला. धनेशराव पहाटे उठू लागले. उठून फांदीवर ताठ बसत आणि इतर पक्षी झोपलेले आहेत याकडे समाधानाने बघत. ऊन वर येईपर्यंत ते इतके दमत, की त्यांना झोप लागे.

मग पावशाने मोठा मंत्र दिला. "काम मोठं वाटतं ना? त्याचे लहान तुकडे करा. रोज एक तुकडा. आणि तुकडा पार पडला, की स्वतःला बक्षीस द्या. बक्षिसाशिवाय सवय लागत नाही."

हे धनेशरावांना मनापासून पटले. त्यांनी कामाचे तुकडे केले. उंबराच्या झाडापर्यंत जाणे, हा एक तुकडा. झाडावर बसणे, हा दुसरा. फळाकडे बघणे, हा वेगळा. एके दिवशी ते झाडापर्यंत गेले. तुकडा पार पडला. बक्षीस द्यायला हवे. समोर उंबरे होती. त्यांनी पोटभर खाल्ली आणि परत आले.

"आणलंत?" धनेशिणीने विचारले.

"आज आणायचा तुकडा नव्हता. आज जायचा होता. पण प्रगती आहे, बरं का!"

"तुमच्या चोचीला उंबर लागलंय."

"ते बक्षीस."

आत पिल्लू तेवढे रडत होते.

अशा प्रगतीने धनेशराव चांगले गुबगुबीत झाले. धनेशिणीची मात्र चोच फटीपर्यंत यायला वेळ लागू लागला.

आंब्याखालच्या झुडपात सातभाईंचा गोंधळ चालू असे. तिथे पावशाचे पोर तोंड वासून बसलेले असे आणि सातभाई किडे आणून आणून त्याच्या घशात कोंबत. घोरपडीने एकदा विचारले, "सर, हे सातभाई शिबिराला नाही येत?"

पावशाने सुस्कारा सोडला. "त्यांना स्वतःसाठी वेळ काढता येत नाही. चांगल्या सवयी नाहीत हो त्यांना. दिवसभर नुसतं काम करतात."

सगळ्यांनी खाली बघून हळहळ व्यक्त केली.

शिबिर संपायला आले, तेव्हा इकडे शेकरूबाईच्या झाडावर वानरांची टोळी उतरली. तिचे घरटे त्यांनी विस्कटून टाकले. पिल्लाला तोंडात धरून तिला दरीपलीकडे जावे लागले. जाताना ती ढोलीशी थांबली. पिल्लू खाली ठेवून म्हणाली, "बाई, आता माझ्याच्यानं येणं व्हायचं नाही."

"जा तुम्ही. तुमचं पोर आधी."

"भावजींना सांगून जाऊ?"

"काय सांगणार? त्यांना सगळं कळतं."

शेकरूबाई गेली. त्या दिवशी ढोलीत काही आले नाही. दुसरा दिवसही तसाच उजाडला. पिल्लाचे रडणे बारीक झाले. मुलांनो, रडणे बारीक होणे हे मोठ्या रडण्याहून वाईट असते.

त्याच दिवशी आंब्यावर समारोप होता. पावशाने प्रत्येकाला प्रमाणपत्र दिले. वडाचे कोवळे पान. त्यावर चोचीने भोके पाडून लिहिले होते, 'यांनी आळसावर पूर्ण मात केली आहे.' खाली शिक्का होता. शिक्का म्हणजे एक भले मोठे पिकलेले उंबर, चेंगरून पानावर चिकटवलेले.

"शिक्का जपा," पावशा म्हणाला. "शिक्क्याशिवाय याला किंमत नाही. आणि धनेशराव, तुमची प्रगती पाहून मी थक्क झालोय. पुढच्या शिबिरात तुम्ही माझे सहायक. उद्या सकाळी प्रमाणपत्र दाखवा आणि माझ्या शेजारची फांदी घ्या."

धनेशराव तरंगतच घरी आले. पानाची सुरळी करून त्यांनी ती फटीतून आत सरकवली.

"बघ! डोळे भरून बघ. नवरा कोण आहे ते कळेल."

आत पिल्लाचे रडणे थांबले. धनेशरावांना वाटले, आदराने थांबले असावे.

"वाचलंस?"

"वाचतेय," धनेशीण म्हणाली. तिच्या आवाजात जरा जीव आला होता. "शिक्का फार चांगला आहे."

"आहेच. दे आता परत."

"देते की. पण शिक्का ओला आहे. आता बाहेर काढला तर वाऱ्यानं उडेल. वाळू दे. तोवर एक उंबर आणा."

"उद्या आणतो."

"मग प्रमाणपत्रही उद्या."

"अगं, उद्या सकाळी मला ते दाखवायचंय!"

"मग आज उडा."

इथे नीट लक्ष द्या. धनेशरावांनी मूळ शोधले नाही. बालपणात गेले नाहीत. कामाचे तुकडे केले नाहीत. ते शिव्या देत उडाले, उंबर तोडले, शिव्या देत परत आले. चोचीत उंबर असल्यामुळे येतानाच्या शिव्या मनातल्या मनात दिल्या.

"घे! आण प्रमाणपत्र."

"हे पिल्लानं खाल्लं. माझं?"

ते परत गेले. आले.

"हे कच्चं आहे. मला बाळंतिणीला कच्चं देता?"

ते परत गेले. सूर्य मावळेपर्यंत ते जात आणि येत होते. अंधार पडला तेव्हा धनेशीण म्हणाली, "आता काळोखात तुम्हाला शिक्का दिसायचा नाही. सकाळी घ्या."

सकाळी शिक्का वाळला होता म्हणे, पण पिल्लू त्यावर बसले होते. उठवले तर रडेल. पोट भरले की झोपेल, मग काढता येईल. म्हणून आणखी उंबरे. पिल्लाचे पोट काही भरेना. दुपारी धनेशराव धापा टाकत पावशाकडे गेले.

"सर, प्रमाणपत्राची दुसरी प्रत द्या."

"दुसरी प्रत नसते. पुन्हा हेच शिबिर करावं लागेल. पुढच्या चैत्रात."

"आणि माझी फांदी?"

"फांदी राखून ठेवतो. पण शिक्का आणा."

धनेशराव परत ढोलीशी आले. येताना उंबर घेऊनच आले. रिकामे आले तर ती तोंडही दाखवत नाही, हे त्यांना कळले होते.

चैत्र संपला. वैशाख लागला. धनेशराव रोडावले. पोट आत गेले, टोप मळला. हरणे वर बघेनाशी झाली, कारण पंखांचा आवाज दिवसभरच होता. एकदा त्यांचा संयम सुटला.

"मी काय हमाल आहे तुझा?"

"नाही," धनेशीण म्हणाली. "हमाल वेळेवर येतो."

तिकडे पावशाने वेगळ्या नावाचे नवे शिबिर सुरू केले. तिथे तो उडणाऱ्या धनेशरावांकडे चोच करून सांगू लागला, "बघा. आमचा विद्यार्थी." ते शिबिर आधीच्याहून जास्त भरले.

ढोलीत आता पिल्लाला पिसे फुटली. धनेशिणीचीही पिसे परत आली. तेव्हा ती म्हणाली, "आता आमचं भागलं. शेकरूताईचं उसनं राहिलंय. दरीपलीकडे नेऊन द्या. सगळं फिटलं की या, तुमचं प्रमाणपत्र तयार ठेवते."

"नक्की?"

"तुमची शपथ."

धनेशराव रोज दरी ओलांडू लागले. वाटेत थांबत नव्हते. बक्षीस घेत नव्हते. बक्षिसाची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

शेवटची खेप राहिली, त्या दिवशी ते चोचीत उंबरांचा घोस धरून ढोलीवरून चालले होते. तेवढ्यात ढोलीच्या तोंडाचा चिखल आतून फुटला. धनेशीण बाहेर आली. मागून पिल्लू आले. लठ्ठ, तकतकीत, बापासारखेच देखणे. धनेशरावांनी दोघांकडे पाहिले नाही. ते थेट ढोलीत डोकावले.

आत पान होते. वाळून चुरा झालेले, पिल्लाने तुडवलेले. शिक्का नव्हता.

त्यांनी बायकोकडे वळून पाहिले.

"तो त्याच दिवशी खाल्ला आम्ही," धनेशीण म्हणाली. "अर्धा यानं, अर्धा मी. तेवढ्यावरच तर वाचलो."

धनेशरावांना ओरडायचे होते. जंगल हादरेल असे ओरडायचे होते. पण चोच उघडली असती तर घोस खाली ओढ्यात पडला असता.

"थांबलात का?" धनेशीण म्हणाली. "ताई वाट बघत असेल."

ते उडाले. दरी ओलांडली. शेकरूबाईच्या फांदीवर घोस ठेवला. उसने फिटले.

तात्पर्य : आळशाला सुधारायच्या भानगडीत पडू नये. त्याला प्रमाणपत्र दाखवावे, आणि हातात देऊ नये.