अर्डिस चांगली बाई होती

उभा जन्म मी मिनेसोटाच्या बर्फात शाळेची बस चालवली. घसरड्या उतारावर गिअर बदलणाऱ्या माणसाला कथेतला काळ सांभाळणं काय अवघड? असं मी लायब्ररीतल्या आमच्या लेखक मंडळात छाती फुगवून म्हणालो आणि अस्वलाच्या शिकारीची माझी कथा वाचायला घेतली.

"थांबा, वर्लिन!" मंडळ चालवणाऱ्या डॅग्नीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "'ओलेने नेम धरला. अस्वल पडलं. ओले गोळी झाडतो.' अहो, अस्वल केव्हाच मेलंय! हा आता कुणाला गोळी झाडतोय?"

सगळे खो खो हसले. वर फर्मान सुटलं, शनिवारच्या जाहीर वाचनात यायचं असेल तर अख्खी कथा भूतकाळात हवी. एक क्रियापद जरी घसरलं तरी माईकजवळ फिरकायचं नाही! आणि मी तर गावभर आमंत्रणं देऊन बसलेलो!

मग मला एक नामी युक्ती सुचली. शनिवारपर्यंत बोलायचंच भूतकाळात! जिभेला वळण लागलं की हाताला आपोआप लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्डिसने, म्हणजे माझ्या बायकोने, कॉफी पुढ्यात ठेवली.

"छान होती," मी म्हणालो.

"अजून तोंड तरी लावलंस का?"

"तू रागावलीस."

"मी कशाला रागावू?"

"फार रागावलीस."

मग मात्र ती खरोखरच रागावली. गळ उचलला, पिकअप काढली आणि गोठलेल्या तळ्यावरच्या आमच्या खोपटीत, बर्फातल्या भोकातून गळ सोडून मासे धरायला निघून गेली. फोनही मुद्दाम घरीच टाकला.

तेवढ्यात फार्गोहून माझ्या मेव्हणीचा, लव्हॉनचा फोन. "अर्डिस उचलत का नाही? कुठंय ती?"

"गेली," मी म्हणालो.

"गेली? गेली म्हणजे?"

"सकाळीच गेली. चांगली बाई होती. कॉफी काय सुरेख करायची!"

पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला. भूतकाळ एवढा परिणामकारक असतो हे मला ठाऊक नव्हतं!

थोड्याच वेळात दारात शेरिफच्या कचेरीतला पोलीस कर्टिस हजर. एके काळी माझ्याच बसच्या शेवटच्या बाकावर धुडगूस घालायचा हा!

"वर्लिनकाका, काकू कुठं आहेत?"

"तळ्यावर गेली."

"एकट्याच?"

"एकटीच. काल मीच बर्फात भोक पाडून ठेवलं होतं."

कर्टिसने खिशातून वही काढली. "केवढं?"

"तिला पुरेल एवढं."

त्याचा हात बेड्यांकडे गेला. "काका, आडवळण नको. काकू जिवंत आहेत की नाहीत?"

'आहे' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं हो! शब्द जिभेवर आलाही होता. पण डोळ्यांपुढे डॅग्नीबाईंचा चष्मा आला, शनिवारचा माईक आला.

"सकाळी तर होती," मी म्हणालो.

झालं! हातात बेड्या, गाडीची मागची सीट, आणि शेजारपाजारचे सगळे खिडक्यांना चिकटलेले. तळ्याच्या वाटेवर समोरून अर्डिसची पिकअप आली. कर्टिसने करकचून ब्रेक दाबला. तिने काच खाली केली. शेजारच्या सीटवर माशांनी भरलेली बादली.

"काय केलं रे याने?"

"तुमचा खून, काकू."

"असं? मग सोडू नकोस. जेवणापर्यंत तरी ठेवून घे."

शनिवारी मी कथा वाचली. एक क्रियापद घसरलं नाही! ओलेने नेम धरला, ओलेने गोळी झाडली, आणि मगच अस्वल पडलं. टाळ्याच टाळ्या! चक्क डॅग्नीबाई हसल्या. आणि एवढी शोभा होऊनही पहिल्या रांगेत अर्डिस बसलेली. मला अगदी भरून आलं. मी पुन्हा माईक धरला.

"ही कथा माझ्या बायकोला अर्पण. ती माझ्यावर फार जीव टाकायची!"

डॅग्नीबाई चूक सुधारायला अर्ध्या उठल्यासुद्धा.

"बसा हो डॅग्नी," अर्डिस म्हणाली. "काळ बरोबर आहे!"